लढाऊ विमानांची हौस

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या लढाऊ विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती करावी, रेडिओच्या साहाय्याने ती आकाशात उडवावी आणि सुखरूप खाली उतरवावी, हा छंद ख्रिस्ती माणसाला शोभतो का? प्रश्न ऐकून काही वाचक हसतील. घराचे हप्ते, मुलांच्या परीक्षा आणि सकाळची बदलापूर लोकल यांतून डोके वर काढायला वेळ कोणाला आहे! पण ज्यांच्या घरात असा एखादा मुलगा किंवा निवृत्त काका असतो, त्यांना हा प्रश्न पडतोच. गॅलरीत लाकडाचा भुसा, गोंदाचा वास, आणि भिंतीवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे चित्र. आई विचारते, "एवढे कष्ट करायचे तर निदान प्रवासी विमान तरी कर. हे मारणारे विमान कशाला?" या आईचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आधी छंदाला न्याय देऊ या. ही बाजारातून विकत आणलेली खेळणी नसतात. बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड पातळ पात्याने कापून पंखाची एकेक फासळी तयार करायची, ती नकाशावर ठेवून चिकटवायची, वर पातळ आवरण ताणून बसवायचे. स्पिटफायर या ब्रिटिश विमानाचा पंखविस्तार सुमारे ११.२ मीटर होता. एक षष्ठांश मापात केले तर तो पावणेदोन मीटरहून थोडा अधिक भरतो, म्हणजे घरातल्या दारातून आडवे न्यावे लागते. शेपूट जड झाली तर नाकात शिशाचा तुकडा घालून तोल साधावा लागतो. शिवाय विमान लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. त्यामुळे मूळ विमान ज्या मापाने स्थिर उडत होते त्याच मापाने छोटे विमान उडेलच असे नाही, आणि बरेच कारागीर शेपटीचा पृष्ठभाग नाइलाजाने किंचित मोठा ठेवतात. सहा महिन्यांच्या संध्याकाळी घालून तयार केलेले विमान वाऱ्याच्या एका झोताने मातीत जाते. तेव्हा तुकडे गोळा करून घरी येणारा आणि पुन्हा पहिल्या फासळीपासून सुरुवात करणारा मुलगा जे शिकतो, ते आमच्या प्रवचनांनी शिकवणे कठीण आहे. एनसीसीच्या हवाई विभागात विमानांचे मॉडेल बनवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, तो उगाच नव्हे.

आणि खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे ख्रिस्तसभेने कधी मानले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळातील मर्यादेला सद्गुणांत जागा दिली आणि त्यासाठी संत योहानाविषयीची एक जुनी गोष्ट सांगितली. योहान शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून कोणी नाक मुरडले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील धनुर्धाऱ्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने सांगितले. गंमत अशी की इथेही दाखला शस्त्राचाच आहे.

तर खेळ वाईट नाही. मग आईच्या प्रश्नाचे काय?

लढाऊ विमाने सुंदर असतात, हे आधी मान्य केले पाहिजे. स्पिटफायरच्या पंखाची लंबगोल रेषा पाहून मन हरखते. तिचा रचनाकार आर. जे. मिचेल १९३७ साली, युद्ध सुरू होण्याआधीच, वयाच्या ४२ व्या वर्षी कर्करोगाने वारला. त्याने काढलेली ती रेषा सुंदर आहे म्हणून मुलाला आवडते, यात मुलाचा दोष नाही. परंतु जर्मनांच्या स्टुका विमानाच्या चाकांच्या पायांवर एक भोंगा बसवला जात असे. विमान सूर मारू लागले की वाऱ्याने तो किंचाळायचा. त्याचा उपयोग खाली असलेल्या माणसांना घाबरवणे एवढाच. आज काही हौशी मंडळी छोट्या स्टुकालाही तो आवाज जोडतात, आणि मैदानावरचे लोक टाळ्या वाजवतात. इथे आम्ही जरा थांबतो.

या छंदाचा सर्वात मोठा अभिमान म्हणजे अचूकपणा. हुबेहूब प्रतिकृतींच्या स्पर्धेत उड्डाणाआधी विमान जमिनीवर तपासले जाते. स्पर्धकाने मूळ विमानाची छायाचित्रे, नकाशे आणि रंगांचे पुरावे फाईलमध्ये लावून द्यायचे आणि परीक्षकांनी ताडून पाहायचे. हिरवा रंग नेमका तोच आहे का, पत्र्यांचे सांधे जागच्या जागी आहेत का, धुराड्यामागे काजळी धरली आहे का, वैमानिकाच्या बसण्याच्या जागेखाली लहान क्रूस किंवा झेंडे रंगवले आहेत का. हे क्रूस प्रार्थनेचे नव्हेत. शत्रूची किती विमाने पाडली त्याचा तो हिशेब असतो, आणि पडलेल्या विमानात बहुधा एक माणूस होता. सात क्रूस बिनचूक रंगवायचे आणि त्यांचा अर्थ मनात येऊ द्यायचा नाही, हा अचूकपणा अर्धवट आहे. आमचा आक्षेप विमानाला नाही, या अर्धवटपणाला आहे.

युद्ध म्हणजे लंडन, बर्लिन, बर्मा, आपल्यापासून लांब कुठेतरी घडलेले, असे आपल्याला वाटते. पण आपण राहतो कुठे? उल्हासनगर हे गाव मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी होती. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी संसार थाटले, १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि अजूनही आपण पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच म्हणतो. अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यावर कित्येक घरांची चूल पेटली आहे. त्या घरांतील माणसे दर रविवारी आपल्याशेजारी मिस्साला बसली आहेत. तेव्हा शस्त्राशी आपला काही संबंध नाही, असा सोवळेपणा आपल्याला परवडणारा नाही. (अशा ठिकाणांजवळ मॉडेल उडवण्यावर बंधने असतात, ती हौशी मंडळींनी पाळलीच पाहिजेत. तो कायद्याचा विषय झाला.)

आणि नेवाळी. कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ब्रिटिश सरकारने त्याच युद्धात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, ब्रिटिश गेले, जमिनी परत मिळाल्या नाहीत. २२ जून २०१७ रोजी तिथल्या कुंपणावरून शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोघेही जखमी झाले. विमान उतरायला जमीन लागते, आणि ती कोणाची तरी असते. ज्यांनी ती दिली त्यांच्या नातवंडांना त्या विमानांचे नावही ठाऊक नसेल. हुबेहूब प्रतिकृतीत मात्र ही जमीन कुठेच येत नाही.

स्वतःच्या देशाचे रक्षण करणाऱ्या सैनिकाला ख्रिस्तसभा दोषी धरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली त्याला लोकांच्या सुरक्षिततेचा आणि स्वातंत्र्याचा सेवकही म्हटले, पण संपूर्ण शहरे सरसकट नष्ट करणे हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे असे त्याच दस्तऐवजात ठणकावून सांगितले. म्हणून १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या विमानांशी एकट्याने झुंजून वीरमरण आलेल्या निर्मलजीत सिंग सेखों यांचे नॅट विमान एखाद्याने आदराने घडवले, तर ते स्मारकच आहे. नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या बी-२९ विमानाची गोष्ट वेगळी. ९ ऑगस्ट १९४५ रोजी तो बॉम्ब फुटला तो उराकामी या कॅथोलिक वस्तीच्या माथ्यावर. शतकानुशतके छळ सोसून श्रद्धा टिकवलेल्या त्या समाजाचे कॅथेड्रल क्षणात कोसळले, आणि आत पापनिवेदनासाठी आलेले भाविक होते.

ते दृश्य सोबतच्या विमानातून पाहणाऱ्यांत लेनर्ड चेशायर नावाचे ब्रिटिश वैमानिक होते. स्वतः बॉम्बफेकी विमानांचे नामांकित सेनानी. १९४८ साली ते कॅथोलिक झाले आणि अपंग व दुर्धर रुग्णांसाठी त्यांनी घरे सुरू केली. भारतातले पहिले चेशायर होम आपल्या मुंबईत, अंधेरीला, १९५० च्या दशकात उभे राहिले. त्यांचा विवाहही १९५९ साली मुंबईतच झाला. नागासाकी पाहून त्यांना पश्चात्ताप झाला आणि म्हणून ते सेवेकडे वळले, असे सोपे करून सांगण्याचा मोह होतो. तसे नव्हते. त्या बॉम्बमुळे युद्ध थांबले आणि अनेक जीव वाचले, हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. त्या मताशी आम्ही सहमत नाही. पण विमानाखाली काय होते ते त्यांनी पाहिले आणि पाहिलेले विसरून जगले नाहीत, याची दखल घ्यावीच लागते.

मुलाला आम्ही हा छंद सोड असे सांगणार नाही. विमान कर, पण त्याच्या फाईलमध्ये रंगाच्या नमुन्याबरोबर ते कुठे गेले, काय करून आले, खाली कोण होते, हेही एका पानावर लिहून लाव, एवढे सांगू. ते पान लिहिताना हात अडखळला तर दुसरे विमान निवड. आणि प्रदर्शनात पिठाच्या पुड्यांचे बॉम्ब टाकून लहान मुलांना टाळ्या वाजवायला लावण्याचा जो प्रकार चालतो, त्यापासून दूर राहा. तो आम्हाला बिलकूल आवडत नाही. १९४८-४९ मध्ये बर्लिनची रसद तुटली असताना अमेरिकन वैमानिक गेल हॅलव्होर्सन यांनी मालवाहू विमानातून रुमालांच्या छोट्या पॅराशूटला बांधून मुलांसाठी चॉकलेटे टाकली होती. तसे करून पाहावे. मुले टाळ्या त्यालाही वाजवतील.

डकोटा हे विमानही युद्धाचेच. १९४७ मध्ये त्याने श्रीनगरला सैनिक नेले आणि फाळणीत निर्वासितही वाहिले. त्याचे मॉडेल मात्र स्पिटफायरपेक्षा अवघड आहे, कारण त्याला दोन इंजिने. दोन्ही सारख्या जोराने चालावी लागतात. एक बंद पडले की विमान त्या बाजूला वळते, आणि सावरायला दोन-तीन सेकंदच मिळतात.