एका पायाचा फोर्क

सावकाश बघा. समोर माउंटन बाइक उभी आहे, पुढे कॅननडेल कंपनीचा ‘लेफ्टी’ फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग. नजर हँडलवरून खाली आणा. डाव्या बाजूला एक जाडजूड नळी, उजवीकडे काहीच नाही. चाक मात्र बरोबर मधोमध.

हे मोडणार, असं मनात येईल. येऊ द्या. बजाज चेतकचं पुढचं चाकही एकाच बाजूने धरलेलं असायचं आणि वर अख्खं कुटुंब बसायचं. आस पुरेशी जाड असली की वजन एका बाजूनेही पेलतं. शिवाय पंक्चर काढायला चाक उतरवावं लागत नाही. ट्यूब उजवीकडून सरळ बाहेर येते.

मग दुसरा पाय करत काय होता? इथे थोडं थांबा. नळीत नळी सरकते, तशी ती गोल फिरतेही. दोन पाय असले की वर-खाली एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे फिरणं आपसूक बंद होतं. एकट्या नळीला कोण आवरणार? तुम्ही हँडल वळवाल आणि चाक आपलं सरळच जाईल.

आता मनाने नळीच्या आत उतरा. आतल्या नळीला वरच्या भागात चार सपाट बाजू आहेत. बाहेरच्या नळीतही त्यांच्यासमोर चार. चौकोनात चौकोन फिरत नाही. दोन्हींच्या मधल्या फटीत सुईसारखे बारीक पोलादी रोलर: मूळ रचनेत प्रत्येक बाजूला 22, एकूण 88.

त्यातल्या एकाच रोलरवर लक्ष ठेवा. चाक दगडावर चढतं, आतली नळी वर येते. रोलर घासत नाही, लोळतो. नळी दहा मिलिमीटर सरकली तर तो पाचच सरकतो. परत खाली. परत वर. त्याच्या गतीने बघत राहा.

नेहमीच्या फोर्कमध्ये या जागी बुश असतात, म्हणजे नळी ज्यांत घासत सरकते अशी कडी. उतारावर ब्रेक दाबला की नळ्या किंचित वाकतात, बुश आवळतात आणि सस्पेन्शन नेमकं तेव्हाच अडखळतं. रोलर त्या बाकातही लोळत राहतात. माझ्या मते खरी करामत ही आहे. गायब पायाकडे उगाच जास्त लक्ष जातं.

मात्र लोळता लोळता रोलर ज्यांत बसवलेले असतात ते पिंजरे जागा सोडतात आणि फोर्कची चाल कमी होते. मग फोर्कमधली हवा सोडून तो पार तळापर्यंत जोरात दाबायचा, की पिंजरे मुकाट जागेवर. 2018 च्या ‘लेफ्टी ओचो’त चारऐवजी तीनच सपाट बाजू आल्या आणि पिंजऱ्यांची रचनाही बदलली.