मुक्काम आणि अडणं

भाषेच्या शिक्षकाला परदेशी धाडलं की त्याच्या जिभेला वळण लागतं, ही समजूत आपल्याकडे चांगलीच मुरली आहे. अभ्यासदौरा म्हटलं की वर्णी कुणाची लागली, एवढंच विचारलं जातं. नंदुरबार जिल्ह्यात तीच समजूत साध्या वेषात भेटते: गुरुजींनी मुख्यालयी राहावं, पोरांची बोली आपोआप येईल. मुख्यालयी न राहणाऱ्यांना घरभाडे भत्ता द्यावा का, हा वाद मुळात हजेरीचा. पण हा ‘आपोआप’ त्यात हळूच शिरतो आणि त्याला कुणी हटकत नाही.

2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले 69 टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याकडे देहवाली. म्हणजे पहिलीच्या वर्गात मराठी ही बहुतेकांना परभाषाच. जळगाव-धुळ्याहून आलेला शिक्षक त्या अर्थाने परमुलखातच उतरलेला असतो. तरी वर्षानुवर्षं राहूनही अनेकांची बोली ‘बस’, ‘ऊठ’, ‘पाणी आण’ यांपुढे जात नाही. कारण उघड आहे. खोली सहकाऱ्यांबरोबर, गप्पा मराठीत नाहीतर अहिराणीत, आणि शाळेत अडतं ते मुलाचं. समोरचाच आपल्या भाषेकडे वाकत असेल तर वीस वर्षांचा मुक्कामही कोरडा जातो.

परदेशातही वेगळं घडत नाही. फ्रीड, सेगालोविट्झ आणि ड्यूई यांनी 2004 साली फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. ओघवतेपणात सरस ठरले ते फ्रान्सला गेलेले नव्हेत, तर मायदेशीच, इंग्रजी बाजूला ठेवून चालणाऱ्या उन्हाळी वर्गात बसलेले. फ्रान्सला गेलेले वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होते. एका अभ्यासावर डोलारा उभारू नये हे खरं. पण राहणं आणि अडणं यांतला फरक त्यात स्वच्छ दिसतो. कंपनी सरकारने साहेबांना देशी भाषांच्या परीक्षांना बसवलं, तेव्हाही परीक्षा उतरणारे पुष्कळ निघाले. रयतेचं म्हणणं दुभाष्याविना कळणारे किती, हा प्रश्न निराळा.

कुणी म्हणेल, स्थानिक शिक्षकच नेमा. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी ते करून दाखवलं, आणि तेच उत्तम. पण आज नोकरीत असलेल्या बाहेरच्यांचं काय? त्यांनी मोबाइलवरच्या भाषांतरावर भागवावं, हे तर बोलायलाच नको. ‘शिक्षक पावरी बोलू लागला तर मराठी कानावर कधी पडणार?’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तरी शिक्षकाने पावरीत शिकवावं असं इथे म्हणणं नाहीच. मूल मराठीत कुठे अडखळलं, हे त्याच्या बोलीतून ओळखण्याइतका कान तयार हवा. बदली झाली तर पावरी मावचीच्या मुलखात तशीच्या तशी चालणार नाही, पण एकदा स्वतः अडलेला माणूस दुसऱ्याचं अडणं लवकर ओळखतो.

म्हणून शिक्षकाला त्याच्या शाळेच्या नव्हे, परक्या पाड्यावर पाठवावं, जिथे त्याला कुणी गुरुजी म्हणत नाही. वेळ उन्हाळ्याची, धडगावच्या डोंगरात घरोघरी आमचूरसाठी कैऱ्या चिरल्या जातात तेव्हाची. हात कामात असले की बोलणं पाहुण्यासाठी थांबत नाही. सुट्टी गमावल्याची कुरकुर होईल. ती रास्त आहे, तेवढी अर्जित रजा द्यावी. आणि त्याला बोली किती आली, याचा शेरा प्रशिक्षण संस्थेने लिहू नये. तो त्या घरातल्या बाईला विचारावा.