हत्याराची पूजा आणि हाताचा मान

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार आपला रंधा, पटाशी, करवत आणि वाकस स्वच्छ करून पाटावर मांडतो, गंधफूल वाहतो आणि त्या दिवशी त्यांस विश्रांती देतो. ज्यांच्या घरी हत्यार म्हणावे असे काही उरलेच नाही, ते सुरी, कात्री वा वाहन पुढे ठेवतात. या प्रथेविषयी आम्हांस आदर आहे, आणि म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. फूल वाहताना आपण नेमके कोणापुढे नमतो? लोखंडाच्या तुकड्यापुढे, की ते घडविणाऱ्या आणि चालविणाऱ्या हातापुढे?

या प्रश्नाचा विचार नुसत्या वाचनाने पुरा होत नाही. लाकूडकामाचे एखादे साधे हत्यार, समजा आखणीची सुरी, घरी स्वहस्ते करून पाहावी. झिजलेली कानस त्यासाठी पुरते. तिचे पोलाद उत्तम असते. पण इतके कठीण, की करवतीचे दाते त्यावरून नुसते घसरतात. म्हणून ती निखाऱ्यांत लाल होईपर्यंत तापवून राखेत पुरावी आणि रात्रभर सावकाश निवू द्यावी. मऊ झालेली कानस मग शेगड्यात घट्ट आवळून, लोखंड कापण्याच्या करवतीला इंचास 24 दात्यांचे पाते लावून कापावयास घ्यावी.

कसोटी येथे सुरू होते. ही करवत पुढे जातानाच कापते. मागे येताना दाब सोडावा लागतो. मिनिटास 40 ते 50 फेऱ्या पुरेत. त्याहून घाई केली तर दाते तापून बोथट होतात. हात तिरका गेला तर पाते मोडते. अर्ध्यावर नवे पाते चढविले, तर ते जुन्या खाचेत अडकते, कारण झिजलेल्या दात्यांनी पाडलेली खाच अरुंद असते. मग तुकडा उलटून दुसऱ्या बाजूने नव्याने आरंभ करावा लागतो. कापून झाले, कानशीने आकार आला, की ते पाते चुंबक चिकटेनासे होईपर्यंत तापवून तेलात बुडवावे. यालाच आपण पाणी देणे म्हणतो, मग ते तेल का असेना. पण त्या क्षणी ते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून उजळावे आणि मंद आचेवर पेंढ्यासारखा पिवळा रंग चढेपर्यंत पुन्हा तापवावे. थोडा कठीणपणा सोडल्यावाचून धार टिकत नाही.

कोणी म्हणेल, बाजारात याहून चांगली सुरी थोड्या पैशांत मिळते. एवढा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप रास्त आहे. पैशाची बचत हे या उद्योगाचे प्रयोजन नव्हे. दुसरा कोणी म्हणेल, यातून स्वावलंबनाचा अहंकारच वाढेल. आमच्या मते उलट घडते. जी करवत आपण चालविली ती दुसऱ्याने घडविली. जी कानस आपण मोडीत काढली तिचे दातेही आपण पाडले नव्हते. एक वीतभर पोलाद कापताना आपण स्वयंपूर्ण नाही, ऋणी आहो, एवढे मात्र हाताला पुरते कळते.

हे ऋण जुने आहे. हैदराबादच्या उत्तरेस, आजच्या तेलंगणात, कोनसमुद्रम् नावाचे गाव मुशीत वितळविलेल्या पोलादासाठी एके काळी प्रसिद्ध होते. युरोपात वुट्झ या नावाने गेलेल्या अशा हिंदी पोलादाचे पृथक्करण मायकेल फॅरडे याने 1819 साली प्रसिद्ध केले. फॅरडेचे नाव जगास ठाऊक आहे. मुशी भट्टीत ठेवणाऱ्या कारागिरांची नावे मात्र कोणाच्या ओठी नाहीत.

आपल्या देवस्थानांतही याहून निराळे काय आहे? गोमंतकातील देवळांत जत्रेच्या दिवशी लाकडी रथ निघतो. त्याच्या दोरीला हात लागावा म्हणून आपण गर्दी करतो, पालखीच्या दांड्याला खांदा देण्यात धन्यता मानतो. पण तो रथ तासणारा, त्यावरील वेलबुट्टी कोरणारा कारागीर पंक्तीत कोठे बसला, याची विचारपूस किती जणांनी केली? त्याच्या मजुरीत घासाघीस करणारा आणि त्याच्या रथापुढे लोटांगण घालणारा मनुष्य पुष्कळदा एकच असतो. हत्यार पूज्य आणि हात हलका, हा हिशेब धर्माच्या वहीत बसत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सगळ्यांनी पोलाद कापावे, असा आमचा आग्रह नाही. परंतु ज्याने एकदा ते कापले, त्याच्या तोंडून सुताराला "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" हा प्रश्न सहसा निघणार नाही. येत्या खंडेनवमीस फूल अवश्य वाहावे. त्याआधी कारागिराची मजुरी थकली असेल तर ती चुकती करावी, आणि देवळाच्या पंक्तीत त्याचे पान आपल्या शेजारी मांडावे.