व्यंग कोणाच्या दृष्टीने?

‘व्यंग’ हा शब्द आपण फार सहजपणे उच्चारतो. परंतु ते व्यंग कोणाच्या दृष्टीने, हे क्वचितच विचारतो. पाळीव पशूंच्या गुणसूत्रांविषयी विज्ञानाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत मिळवलेले ज्ञान हा प्रश्न आपल्यापुढे स्पष्टपणे मांडते.

प्रत्येक प्राणिजातीच्या पेशीत गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. गाईत ती ६०, कुत्र्यात ७८, मांजरात ३८, तर माणसात ४६ आहे. १९६४ साली स्वीडनमध्ये इंगेमार गुस्ताव्हसन व त्यांचे सहकारी यांना काही गुरांत ५९ गुणसूत्रे आढळली. पहिल्या आणि एकोणतिसाव्या जोडीतील एकेक गुणसूत्र एकमेकांना जोडले गेले होते. असा वळू दिसायला धडधाकट असतो. मात्र त्याच्यापासून राहिलेले काही गर्भ आरंभीच नष्ट होतात आणि गाई गाभण राहण्याचे प्रमाण थोडे घटते. कृत्रिम रेतनामुळे एका वळूचे बीज हजारो गाईंपर्यंत पोहोचते, म्हणून हा दोषही दूरवर पसरू शकतो. पुढे स्वीडनने असे वळू रेतनकार्यातून वगळले. त्यात काही गैर झाले असे म्हणता येणार नाही. परमेश्वराने सृष्टीची राखण मानवाकडे सोपवली आहे आणि शेतकऱ्याच्या उदरनिर्वाहाची चिंता त्या राखणीतच येते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते. गर्भाशयात दोघांचे रक्त मिसळते, तिच्या जननेंद्रियांची वाढ खुंटते आणि भावाच्या पेशी तिच्या रक्तात पुढेही राहतात. एक लिंगसूत्र कमी असलेल्या, ७७ गुणसूत्रांच्या कुत्रीलाही पिले होत नाहीत. पण ती कालवड सुखाने चरते, रवंथ करते. ती कुत्री इमानाने दार राखते. त्यांचे व्यंग त्यांना ठाऊकच नाही. ते आपल्या हिशेबाच्या वहीत नोंदलेले आहे.

येथे एक भेद करावा लागतो. काही वासरे अधिकच्या गुणसूत्रामुळे विकृत अवयव घेऊन जन्मतात व जगत नाहीत. ते व्यंग खरोखर त्या जिवाचे आहे आणि त्याचे क्लेश हलके करणे हे आपले कर्तव्य आहे. वांझ कालवडीचे व्यंग मात्र आपल्या गरजेचे आहे. गरीब शेतकऱ्याने ती आयुष्यभर पोसावी, असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. परंतु “ही माझ्या उपयोगाची नाही” आणि “हिला काही मोलच नाही” ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले वाक्य बोलण्याचा त्याला अधिकार आहे. दुसरे बोलण्याचा कोणालाच नाही. प्रत्येक प्राणिमात्राला परमेश्वरापुढे स्वतःचे मोल आहे, याची आठवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात करून दिली.

हा भेद विसरल्याची सर्वात मोठी किंमत पशूंना नव्हे, माणसांना मोजावी लागते. १९५९ साली पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून व रेमाँ त्युर्पँ यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ गुणसूत्रे असल्याचे प्रसिद्ध केले. श्रद्धावंत कॅथलिक असलेल्या लेज्यून यांची आशा या मुलांवर उपचार शोधण्याची होती. पुढे त्याच ज्ञानाच्या आधारे अशी मुले गर्भातच हेरली जाऊ लागली आणि अनेकांचा जन्मच नाकारला गेला. लेज्यून यांनी १९९४ साली मृत्यू येईपर्यंत याला विरोध केला. वळू निवडण्याचा निकष गोठ्याचा उंबरठा ओलांडून पाळण्यापर्यंत आला होता.

अशा मुलाच्या आईबापांचे कष्ट मोठे आहेत. त्यांना उपदेशापेक्षा आपल्या हातांची मदत अधिक हवी असते. पण मानवाला परमेश्वराने त्याच्या स्वतःसाठीच निर्माण केले आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणून गोठ्यात चालणारे ते पहिले वाक्यदेखील पाळण्याजवळ उभे राहून उच्चारता येत नाही. बालक कोणाच्या उपयोगासाठी जन्मत नाही. आणि ज्याने गोठ्यातल्या वांझ कालवडीकडेही केवळ वहीतून पाहिले नाही, त्याला हे सत्य पाळण्याजवळ नव्याने शिकवावे लागणार नाही.