गृहस्थाचे घर आणि गृहस्थाचे वचन

गृहस्थाश्रम हा सर्व आश्रमांचा आधार मानला आहे. तेव्हा गृहस्थास घराची ओढ असणे स्वाभाविकच होय. परंतु आज पुष्कळांचे घर बँकेच्या कर्जावर उभे असते. वीस वर्षांच्या मुदतीत कधी नोकरी जाते, कधी दीर्घ आजार येतो, कधी व्याजाचा दर चढतो आणि हप्ता भरणे अशक्य होते. अशा वेळी गृहस्थाचा धर्म कोणता? वाटेल ते करून घर राखावे, की ते सोडावे?

मनुष्य प्रायः पहिल्या पक्षाकडे झुकतो. ‘लोक काय म्हणतील?’ या भयाने तो पत्नीपासूनही गोष्ट लपवितो, बँकेची पत्रे न उघडता ठेवतो, जबर व्याजाचे दुसरे कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरतो. वरकरणी हे कुटुंबप्रेम दिसते. वस्तुतः तो अभिमान आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, पत्नी आणि घर यांत गुंतून न पडणे हेही सांगितले आहे. याचा अर्थ घराविषयी बेफिकीर असावे असा नव्हे. घरातील माणसांविषयीचे कर्तव्य करावे. ‘माझे घर’ या अहंतेसाठी सत्याचा बळी देऊ नये, एवढाच त्याचा आशय.

कोणी म्हणेल, “बँक धनाढ्य आहे, चार हप्ते थकले तर तिचे काय बिघडते?” परंतु तो पैसा शेवटी सामान्य ठेवीदारांचाच असतो. शिवाय जामीन राहिलेल्या स्नेह्याचा विचार करावा. सन १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः ऋणकोइतकीच असते. ज्याने विश्वासाने सही केली, त्यास अंधारात ठेवणे हा विश्वासघातच होय.

म्हणून पहिले कर्तव्य हे की हप्ता चुकण्यापूर्वीच घरी, जामीनदारास व बँकेस खरी स्थिती सांगावी. पत्नीचे दागिने हे तिचे स्त्रीधन आहे. तिच्या खुशीच्या संमतीवाचून त्यास हात लावू नये. बँकेकडे मुदत वाढवून मागता येते, कर्जाची फेररचना मागता येते किंवा कमी व्याजाच्या दुसऱ्या बँकेत कर्ज नेता येते. मात्र हिशेब डोळसपणे करावा. तीस लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये पडतो. मुदत तीस वर्षे केल्यास तो सुमारे २३,००० होतो, परंतु एकूण व्याज सुमारे वीस लाखांनी वाढते. अडचण तात्पुरती असेल तर हा मार्ग योग्य. कायमची असेल तर तो केवळ दुःख लांबविणे होय.

तसे असल्यास बँकेच्या संमतीने घर स्वतःच विकावे, कर्ज फेडावे आणि उरलेल्या रकमेतून भाड्याचे लहान घर पाहावे. विलंब केल्यास वाट अरुंद होते. नव्वद दिवसांहून अधिक थकबाकी राहिल्यास खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक सन २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन पुढे घराचा ताबा घेऊ शकते. तेव्हाही ऋणको निराधार नसतो. नोटिशीस त्याने हरकत घेतल्यास बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावात देण्याहून अधिक आले तर शिल्लक त्याचीच असते. पण कमी आले तर उरलेले ऋणही त्याचेच. म्हणून लिलावाची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

सारांश, घर राखावे की सोडावे हा प्रश्न दुसरा आहे. खरे सांगावे की लपवावे हा पहिला. पहिल्याचे उत्तर शुद्ध असले म्हणजे दुसऱ्याचे उत्तर काहीही येवो, गृहस्थाला मान खाली घालण्याचे कारण उरत नाही. ज्याच्या घरी असा प्रसंग आला असेल, त्याने आज रात्रीच पत्नीजवळ बसून हिशेबाची वही उघडावी.