नव्या फोनचा पाचवा दिवस (गीता ५.२२)



आज पाचव्या अध्यायातला बाविसावा श्लोक. काल एकविसाव्यात भगवंत म्हणाले होते की बाहेरच्या स्पर्शांत ज्याचं चित्त अडकत नाही, त्याला आतलं सुख सापडतं. आज ते त्याचीच दुसरी बाजू दाखवतात. माझ्या साध्या शब्दांत सांगायचं तर असं: इंद्रियं आणि विषय एकमेकांना भिडले की जे भोग जन्मतात, त्यांच्या पोटातच दुःख असतं, त्यांना सुरुवात असते, म्हणून शेवटही असतो, आणि शहाणा माणूस त्यांत रमून बसत नाही.

श्लोकात शब्द आहे 'संस्पर्शज'. स्पर्शातून जन्मलेला. आणि गंमत पाहा, हा श्लोक मी वाचत होतो तो पाच दिवसांपूर्वी घेतलेल्या नव्या फोनवर, बोटाने पान वर सरकवत! त्यामुळे आज थोडं फोनबद्दलच बोलतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातातही आत्ता तोच आहे.

चार वर्षांनी घेतला. घ्यायच्या आधी दोन महिने रोज रात्री त्याचे व्हिडिओ पाहिले. कॅमेरा कसा, बॅटरी किती, उन्हात स्क्रीन दिसते की नाही, सगळं पाठ. खोका आला, झाकण त्या ठरावीक संथपणाने वर आलं, पातळ कागद सोलला. इथपर्यंत मजा होती, खोटं कशाला बोलू. मग जुन्यातलं सगळं नव्यात न्यायला लावलं. पाऊण तास लागला. तेच अकरा हजार फोटो, तोच वॉलपेपर, पहाटे पाचचा तोच गजर, उत्तर न दिलेले तेच मेसेज. पाऊण तासाने हातात जे होतं तो माझा जुनाच फोन होता, फक्त कडा जरा गोल.

तिसऱ्या दिवशी तो फोन दिसेनासा झाला. म्हणजे खिशातच होता, पण 'नवा फोन' म्हणून दिसेना. आणि मनात एक बारीक, फिका, नाव नसलेला भाव आला: बस, एवढंच?

फोन वाईट निघाला असं मुळीच नाही. उत्तम चालतो. आणि माझ्या मते आजच्या श्लोकाची खरी जागा तिथेच आहे.

वस्तू बिघडली तर आपण दुकानदारावर चिडतो, आणि विषय तिथे संपतो. पण वस्तू चोख असूनही फिकी वाटली तर चिडायचं कुणावर? इथे मला ययाती आठवतो. महाभारताच्या आदिपर्वात त्याची कथा आहे, भागवताच्या नवव्या स्कंधातही आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलेला राजा. मुलांकडे त्यांचं तारुण्य मागतो. यदू नाही म्हणतो, धाकटा पुरू देतो. आता लक्ष द्या, पुरूच्या तारुण्यात काहीही खोट नव्हती. अस्सल, पूर्ण, हजार वर्षं टिकलेलं तारुण्य. राजाने ते मनसोक्त वापरलं, आणि शेवटी स्वतः जाऊन परत केलं. भोगून इच्छा शांत होत नाही, तुपाने आग वाढावी तशी वाढते, असं तो म्हणाला. लोक ही कथा वासनेची म्हणून सांगतात. मला ती वॉरंटीत असलेल्या, एकही बिघाड नसलेल्या वस्तूची कथा वाटते.

माउलींनी ज्ञानेश्वरीत या श्लोकावर जे दृष्टांत दिले आहेत ते एकदा मुळातून वाचाच. ढगाच्या सावलीने ऊन-वारा-पाऊस अडला असता तर लोकांनी तीन मजली घरं कशाला बांधली असती, असं ते विचारतात. मंगळ नावाच्या ग्रहाकडे बोट दाखवतात: नाव मंगल, म्हणून तो शुभ थोडाच होतो! (फोनच्या नावापुढे 'प्रो', 'अल्ट्रा' लागलं की मला हे हटकून आठवतं.) पण मला सगळ्यांत भिडला तो गळाचा मासा. गळाला लावलेला आमिषाचा घास माशाने गिळला नाही तोवरच चांगला, असं माउली म्हणतात.

इथे थोडं थांबू. आपण हा दृष्टांत सहसा भीती दाखवायला वापरतो, की गिळलास तर मेलास. पण 'तोवरच चांगला' याचा सरळ अर्थही घेऊन पाहा. घास खरोखरच चांगला असतो, पाण्यात हलत असतो तोवर. माझे ते दोन महिने आठवा. रोज रात्री व्हिडिओ, तुलना, कार्टमध्ये टाकणं, काढणं. फोनचं सगळं सुख मी फोन यायच्या आधीच खाऊन बसलो होतो. खोका घरी आला तेव्हा आत फक्त फोन उरला होता.

मानसशास्त्रातही याच्या जवळचं एक काम आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांची आणि तशाच साध्या शेजाऱ्यांची तुलना केली. लॉटरीवाले इतरांहून फारसे सुखी निघाले नाहीत, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते: मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद ऐकणं, अशा रोजच्या बारक्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी होता. अभ्यास लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण वाचल्यावर मला धसका बसला. फोन फिका वाटला तर वाटू दे, त्याचं काय एवढं. उद्या पोहे फिके वाटले तर? आईचा फोन फिका वाटला तर?

आईचं सांगतो. ती शेंदूरजनाघाटला असते, मी पुण्यात. नव्या फोनवरून पहिला व्हिडिओ कॉल तिलाच केला. म्हटलं, बघ, नवीन घेतला. ती स्क्रीनजवळ डोळे आणून म्हणाली, "मले तं तू पयल्यावानीच दिसून राह्यला. जेवला का?"

आणि मला ती? तीसुद्धा पहिल्यासारखीच, अंधूक, अर्धं कपाळ कापलेलं, मधेच चौकोन चौकोन होणारी. कारण तिच्याकडचा फोन जुना, आणि घरात नेटवर्क स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच येतं. जे मला स्पष्ट दिसायला हवं होतं, त्याचा कॅमेरा माझ्या हातात नव्हताच. एवढ्या पैशांत मी फक्त माझी बाजू बदलली होती.

आमच्या पिढीने खरी उडी पाहिली ती वेगळीच. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या गावात परगावी बोलायचं म्हणजे एसटीडी बूथवर, मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत. मुलाचा आवाज येत नव्हता तिथे आवाज येऊ लागला, ही उडी. पुढे चेहरा दिसू लागला, ही दुसरी. त्यानंतरचं बरंचसं सालं काढण्यासारखं आहे, दरवर्षी एक पातळ थर. २००७ च्या पहिल्या आयफोनला दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, आज पन्नास, शंभर, दोनशे. चेहरा तोच.

आता यावर उपाय म्हणून कुणी म्हणेल, मग काही घेऊच नका, गाडगेबाबांसारखं राहा. मला हे फार सोपं बोलणं वाटतं. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं, हे खरं. पण त्याच माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. विटा, लाकूड, पैसा यांच्याशी त्यांचं वैर नव्हतं. वस्तू कुणाच्या कामी येते, एवढं ते पाहत. त्यांचं नाव घेऊन फोन घेणाऱ्या पोराला लाज आणणं मला पटत नाही. माझ्या कामाला फोन लागतो, आणि जुना दुपारीच मान टाकायचा.

मला उपाय शोधायचा तर मी आमच्या बागेत जातो. तुम्ही संत्री खाता, पण झाडाला बहर कसा आणतात हे कदाचित पाहिलं नसेल. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात. संत्रा आणि संत्र्याची कलमं, यांवरच अर्धं गाव जगतं. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, हे काम इथल्या हातांना पाठ आहे. आंबिया बहर घ्यायचा असेल तर डिसेंबरच्या सुमारास झाडाचं पाणी तोडतात. याला 'ताण देणं' म्हणतात. हलकी जमीन असेल तर दिवस कमी, भारी काळी असेल तर जास्त. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. पाहुणा आला तर म्हणतो, झाडं वाळली की हो तुमची! बाबा काही बोलत नाहीत. दिवस भरले की पहिलं पाणी, तेही हलकं. मग काही दिवसांत अख्खी बाग पांढरी होते आणि वास रस्त्यापर्यंत येतो.

ताण बसायच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की सगळं बिघडतं. झाडाला तहान लागतालागताच पाणी मिळतं, मग ते पालवीत जातं. हिरवंगार दिसतं, फूल नाही. आणि उलटही खरं: ताण फार लांबवला तर झाडच खचतं. म्हणून बाबा रोज सकाळी बागेत जाऊन पानं बघतात. पाणी वाईट आहे असं बागेत कुणी म्हणत नाही. आमच्या तालुक्यात तर भूजल इतकं खाली गेलंय की पाण्याला कुणी वाईट म्हणेल असा माणूसच सापडायचा नाही.

माझ्या मनाला ताण कधी बसतच नाही, हे मला या पाच दिवसांत कळलं. इच्छा उठली की दहा मिनिटांत घरपोच. कंटाळा आला की अंगठा खाली-वर. आणि तो 'बस, एवढंच?' वाला फिका भाव आला, तेव्हा माझा हात पहिल्यांदा कुठे गेला? नव्या फोनवर, फोनचं नवं कव्हर शोधायला!

तो फिका भाव मला आता देवाची कृपा वाटते. तिथे पान मलूल झालंय. श्लोकात भोगांना 'शेवट आहे' असं म्हटलंय ते मी आजवर धमकीसारखं वाचत आलो, आज ते बातमीसारखं वाचलं. भोग संपला. आता इथे रिकामी जागा आहे. ती लगेच भरली नाही तर काय होतं, हे पाहायला हवं. परवापासून संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. पहिल्या दिवशी हात चार वेळा खिशाकडे गेला, मोजलं मी. काल दोनदा. फुलं वगैरे काही आलेली नाहीत अजून, उगाच सांगणार नाही.

आणखी एक. आमच्याच जिल्ह्यात, चांदूरबाजारजवळच्या माधानला गुलाबराव महाराज होऊन गेले. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, ऐकलेलं धरून ठेवत, आणि शंभराहून जास्त ग्रंथ मागे ठेवून गेले. ज्ञानेश्वर माउलींना ते आई मानत, स्वतःला त्यांची कन्या म्हणवत. ज्या ज्ञानेश्वरीतला माशाचा दृष्टांत मी लखलखीत स्क्रीनवर अक्षर मोठं करून वाचला, ती त्यांच्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजातून पोचली होती. ऐकताना ते किती लक्ष देत असतील, याचा मी काल बराच वेळ विचार करत होतो. वाचणारा थांबला की परत वर सरकवून बघायची सोय नाही.

म्हणून काल आईला व्हिडिओ न करता साधा फोन केला. चित्र नाही, नुसता आवाज. तिला खिडकीपाशी उभं राहावं लागलं नाही. ती खाटेवर बसून बोलली, आणि बोलताबोलता ज्या फळगळीबद्दल बाबा मला कधी सांगत नाहीत, ते सगळं सांगितलं. किती फळ पडलं, फवारणीला किती लागले, व्यापारी काय म्हणून गेला. चाळीस मिनिटं. शेवटी म्हणाली, "आज तुह्या नव्या फोनातून आवाज लय चांगला येऊन राह्यला बाप्पा." फोनने काय वेगळं केलं ते मला ठाऊक नाही, मीही तिला काही बोललो नाही.

उद्या तेविसावा श्लोक. त्यात काम आणि क्रोध यांचा वेग सोसण्याबद्दल भगवंत बोलतात. आज रात्री एखाद्या सेलचा मेसेज आला तर उघडू नका, फक्त घड्याळ बघा: उघडायची ती ओढ किती वेळ टिकते, सेकंदांत मोजून ठेवा. उद्या तो आकडा आपल्याला लागणार आहे.

राम कृष्ण हरी.