उदात्ताची खूण कोणाची?

वेदमंत्रातली स्वराची खूण हा अक्षराचाच भाग, की अक्षरावर चढलेली वेगळी गोष्ट, हा प्रश्न मंत्र संगणकात साठवताना टाळता येत नाही. युनिकोड या संकेतव्यवस्थेत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच शब्दात 'अ'खाली अनुदात्ताची आडवी रेघ येते. हा 'अ॒' डोळ्यांना एकसंध दिसतो. साठवणीत मात्र तिथे दोन क्रमांक असतात, अक्षराचा ०९०५ आणि रेघेचा ०९५२.

सिरिलिक लिपीतही हाच पेच आहे. दोन टिंबांचे रशियन 'यो' तिथल्या वर्णमालेत स्वतंत्र अक्षर मानले जाते, म्हणून त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. तरीही ते मूळ अक्षर आणि टिंबे असे सुटे लिहिले, तर दोन्ही रूपे एकच मानावीत असा नियम आहे. शब्दकोशात आघात दाखवण्यासाठी रशियन 'अ'वर तिरकी रेघ देतात. त्या जोडीला मात्र एक क्रमांक नाही. आधी अक्षर, मग खूण. मराठी 'ऱ'चे नशीब 'यो'सारखे आहे: त्याला स्वतंत्र क्रमांक आहे आणि 'र'ला नुक्ता जोडून तो लिहिला तरी समान धरला जातो.

अक्षर एक आणि स्वर त्यावरचा गुण, ही मांडणी भारतीय विचाराला परकी नाही. पाणिनीय व्याकरणात 'अ'चे अठरा भेद होतात: ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत, प्रत्येकाचे उदात्त, अनुदात्त, स्वरित, आणि त्यातला प्रत्येक सानुनासिक किंवा निरनुनासिक. तरीही सूत्रातला एक 'अ' या सगळ्यांना कवेत घेतो. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या देवताधिकरणात शंकराचार्यांनी याहून स्पष्ट भूमिका घेतली आहे. उदात्तादी भेद वर्णाच्या स्वरूपातले नसून ध्वनीमुळे भासतात. वर्ण तोच, म्हणूनच तो पुन्हा ऐकताच ओळखू येतो.

पण वर्णाची ओळख टिकली म्हणजे मंत्राची टिकली असे होत नाही. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी सांगितलेली 'इंद्रशत्रु' या शब्दाची गोष्ट याचा भक्कम पुरावा आहे. त्वष्ट्याला इंद्राचा घात करणारा पुत्र हवा होता, त्यासाठी शब्द अंतोदात्त हवा होता. उच्चार झाला आद्युदात्त, अर्थ झाला 'इंद्र ज्याचा घातक', आणि वृत्रच मारला गेला. वर्ण दोन्हीकडे तेच आहेत. म्हणून शंकराचार्यांचा निर्णय वर्णापुरता खरा मानावा लागतो. मंत्राचे एकत्व स्वरावाचून ठरत नाही.

छापील ग्रंथांत ही जबाबदारी संपादकांनी पेलली. सावंतवाडी संस्थानातल्या कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर १९४८ मध्ये औंध सोडून वलसाडजवळच्या पारडीला गेले. तेव्हा पारडी सुरत जिल्ह्यात होती. त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदसंहिता सस्वर छापून सामान्य वाचकाच्या हाती दिल्या, आणि हे काम केवढे मोलाचे, हे स्वरहीन पाठ वाचताना कळते.

संगणकात एक अडचण जास्तीची आहे. ०९५१ क्रमांकाच्या उभ्या रेघेला युनिकोडने 'उदात्त' असे नाव दिले. पण ऋग्वेदात वरची उभी रेघ स्वरिताची असते आणि उदात्ताला खूणच नसते. मैत्रायणी व काठक संहितांत मात्र तीच रेघ उदात्त दाखवते. एकदा दिलेले नाव युनिकोड बदलत नाही. २००९ मध्ये वैदिक चिन्हांचा स्वतंत्र गट आला, सामवेदाच्या आणि इतर शाखांच्या अनेक खुणांना त्यात जागा मिळाली, तरी या रेघेचे नाव कायम आहे. तेव्हा क्रमांक रेघेचा आकार सांगतो, तिचा स्वर शाखा सांगते. म्हणून साठवलेल्या संहितेसोबत शाखेची नोंद असायलाच हवी. शोध घेताना स्वर बाजूला ठेवून 'इंद्रशत्रु'ची दोन्ही रूपे एकत्र सापडावीत हे सोयीचे आहे, पण मूळ पाठातून खुणा गाळून तो साठवणे कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही.